गंज नसलेली गाडी

थांबा, हातातलं काम ठेवा बाजूला, हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. काल एका साखरपुड्यात आमच्या काकांनी पंगतीत बसून चांगल्या तीस-चाळीस माणसांना गाडीची गोष्ट सांगितली. आमच्या गाडीची. त्या गोष्टीत काकांनी गाडी हेरली, काकांनी गाडी तपासली, काकांनी भाव पाडला आणि शेवटी काकांनीच ती डोंगरावर चढवली. मी समोर बसून बुंदी खात होते, मला ठसका लागला. लोक माना डोलवत होते. एकाने तर काकांचा नंबर घेतला, त्यालाही जुनी डिझेल जीप घ्यायचीये म्हणे, चारही चाकं ओढणारी, आणि त्याला सल्ला पाहिजे. काकांचा. म्हणून घरी आल्या आल्या टाईप करायला बसलेय, चुका झाल्या तर सांभाळून घ्या, पण ती गोष्ट पसरायच्या आत खरं काय झालं ते लिहून टाकते.

आधी आमचं घर कुठं आहे ते सांगते, नाहीतर काही कळायचं नाही. भंडारदऱ्याच्या अलीकडं डांबरी सोडली की आमच्या वाडीचा चढ लागतो. दोन किलोमीटर. खालपर्यंत एसटी येते, जीप येतात, वर उन्हाळ्यात काहीही येतं, कुल्फीवाला पण येतो. पावसाळ्याचे चार महिने मात्र वर यायला दोनच वाहनं, ट्रॅक्टर आणि पाय.

आणि आमच्या वडलांना आठवड्यातून दोनदा संगमनेरला डायलिसिसला न्यावं लागतं. मंगळवार आणि शुक्रवार. घरात त्यांना सगळेच दादा म्हणतात, त्यांच्या भावापासून माझ्यापर्यंत, म्हणून मी पण दादाच लिहिते. चार तास मशीनवर झोपल्यावर दादा पिळून काढलेल्या फडक्यासारखे होतात, चढ चालायचं नावच नको. मागच्या पावसात दोनदा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत गादी टाकून वर आणलं. दुसऱ्या खेपेला ट्रॉलीतच बीपी खाली गेलं आणि त्यांनी डोळे फिरवले. मग आईला आणि त्यांना संगमनेरला खोली करून दिली. दुसरा मजला, खाली मोबाईलचं दुकान, खिडकीसमोर भिंत. चार महिने दादा त्या भिंतीकडं बघत बसले. आवणी, म्हणजे आमच्याकडची भाताची लावणी, त्यांनी व्हिडिओ कॉलवर केली. मी गुडघाभर चिखलात उभी राहून फोन फिरवायचे आणि ते तिकडून ओरडायचे, रोपं लई खोल रोवताय, वर घ्या, वर घ्या.

भात घरात आलं तेव्हाच दादा घरात आले. आणि या वर्षी होळी झाल्यावर एकदा जेवता जेवता अगदी साध्या आवाजात म्हणाले, "पुन्यांदा त्या खोलीवर मी जानार न्हाई. काय व्हायचं ते हितं होऊ द्या."

 काय व्हायचं ते म्हणजे काय, हे घरात प्रत्येकाला माहीत होतं. मशीन चुकलं तर किती दिवसांत काय होतं हे डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलेलं. आईने भाकरी मोडली ती तशीच हातात धरून बसली.

म्हणजे आता एकच काम होतं. पावसाच्या आत चढ चढणारी गाडी दारात पाहिजे. नवी आम्हाला झेपणार नव्हती, म्हणून जुनी. डिझेल, फोर व्हील. गाडी आली तर दादा घरी राहून मशीनवर जाणार, नाही आली तर घरीच राहणार आणि मशीनवर जाणार नाहीत. इतकं सरळ होतं.

आणि इथून पुढं तज्ज्ञ लोक सुरू होतात.

पहिले काका, दादांचे धाकटे भाऊ. यांच्याकडं आयुष्यात एक मोटरसायकल, तिचं इंजिन तीनदा बांधलेलं. दुसरे मामा, आईचे भाऊ, आमच्या तालुक्याच्या गावी, अकोल्यात, हार्डवेअरचं दुकान आणि दारात एक छोटी पेट्रोल गाडी, त्यामुळे घराण्यात हे 'गाडीतले' म्हणून मानले जातात. तिसरे आमच्या वाडीतले रिटायर गुरुजी, जे प्रत्येक नंबरप्लेटच्या आकड्यांची बेरीज करतात आणि त्यावरून गाडीचा स्वभाव सांगतात. आणि चौथी मी. मी फोर व्हीलचे चाळीस व्हिडिओ बघितले होते. चाळीस. मला सगळं येत होतं.

काकांनी पहिल्याच बैठकीत नियम घालून दिला की आपल्या भागातली गाडी घ्यायची नाही. इथला पाऊस गाडीला खालून खातो, वरून रंग चकचकीत आणि खालून चाळणी. आता हे खरंय, मी स्वतः एका जीपमध्ये बसून पायाखालून पळणारा रस्ता बघितलाय. मग काय करायचं? तर काका म्हणाले, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जायचं. जामखेडकडं. तिकडं पाऊस नाही, म्हणजे गंज नाही. मामांनी मांडीवर थाप मारली. गुरुजी म्हणाले, शास्त्रीय आहे. मला पण एकदम पटलं आणि मी तिथल्या तिथं मोबाईलवर शोधायला लागले. तिकडं पाऊस नाही म्हणजे चिखलही नाही, आणि चिखल नाही तर तिकडची माणसं फोर व्हीलचं करतात काय, हा पुढचा प्रश्न आमच्या चार मेंदूंपैकी एकालाही पडला नाही.

एक माणूस राहिला सांगायचा. दादा. आमचे दादा लग्नाच्या आधीपासून एका ठेकेदाराची फोर व्हील जीप चालवायचे, घाटातल्या रस्त्याच्या कामांवर, जिथं रस्ता अजून झालेलाच नसायचा तिथं. बारा-तेरा वर्षं. हे सगळ्यांना माहीत होतं, आम्ही लहानपणापासून त्या जीपच्या गोष्टी ऐकलेल्या. पण दादा आता पेशंट. पेशंटला त्रास द्यायचा नाही, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मी शुक्रवारी मशीनच्या शेजारी स्टुलावर बसून कानात बोळे घालून व्हिडिओ बघत होते, दादा हातभर अंतरावर झोपलेले. त्यांनी विचारलं, काय बघतेस. मी म्हटलं, गाडीचं. ते हां म्हणाले आणि डोळे मिटले. मला वाटलं, थकले.

जामखेडजवळच्या खर्ड्याची एक गाडी मोबाईलवर सापडली. पांढरी, फोर व्हील लिहिलेली, फोटोत खालची बाजूही दाखवलेली आणि ती एखाद्या ताटासारखी स्वच्छ. एका शनिवारी आम्ही चौघं मामांच्या गाडीत निघालो. सहा तासांचा प्रवास, पूर्ण जिल्हा आडवा कापायचा. नगर गेल्यावर काकांनी मागं वळून सगळ्यांना दम दिला. सौदा करताना गरज दाखवायची नाही. डोंगराचं नाव काढायचं नाही. चढाचं, चिखलाचं, पावसाचं काढायचं नाही. दादांच्या आजाराचं तर तोंडातून अवाक्षर नको. गरज दिसली की समोरचा मानगूट धरतो. मग आपण कोण, तर आपण संगमनेरच्या बाजूचे बागायतदार, डाळिंबवाले, सपाटीची माणसं, हौस म्हणून गाडी बघतोय. गुरुजींनी तर कोणत्या जातीची डाळिंबं ते पण ठरवून टाकलं. माणूस आयुष्यभर मुलांना खरं बोला सांगतो आणि साठीनंतर नसलेल्या डाळिंबांची जात ठरवत बसतो.

गाडीचे मालक शेतकरी होते, पन्नाशीचे. घर गावाबाहेर, अंगणातून किल्ल्याची तटबंदी दिसत होती. ऊन असं की जमिनीकडं बघवत नव्हतं, आणि वारा सारखा. त्यांच्या शेळ्यांच्या शेडवरचा पत्रा वाऱ्याने वाजत होता, त्यावर दगड, फुटके टायर, काय काय लोखंड ठेवलेलं. एक पांढरी शेळी त्या शेडच्या दारात पुढचे पाय चौकटीला लावून उभी होती, मी तिचा फोटो काढला. हा फोटो लक्षात ठेवा.

माणूस चांगला होता. चहा दिला, मग जेवल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला, पिठलं-भाकरी आली. आणि मग आमचं गाडी बघणं सुरू झालं. मला दोनदा बघायला आलेत, त्यामुळे ही पद्धत मला चांगली ओळखीची आहे. महत्त्वाचं सोडून सगळं विचारायचं. काकांनी बॉनेटवर कलिंगडावर वाजवतात तसं बोटाने वाजवलं आणि कान लावला. हॉर्न तीनदा वाजवला. टेप लावून बघितला. सीट कव्हर कधी घातलं ते विचारलं. गुरुजींनी नंबरची बेरीज मातीत काडीने केली, नऊ आली, त्यांचा चेहरा उजळला. मामा मात्र गंज बघायला थेट गाडीखाली शिरले. पोतं अंथरून पाठीवर झोपले, मोबाईलचा टॉर्च लावला, चांगली पाच मिनिटं आत होते. बाहेर आले ते कपडे झटकत, डोळे चमकत.

"खाली लई मोकळंढाकळं हाय," मामा म्हणाले. "गंज औषधाला न्हाई."

काकांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही खर्ड्याला पाऊस पडू नये म्हणून त्यांनीच सोय केली होती.

तेवढ्यात मालक म्हणाले, "पर तुमाला फोर व्हीलचं काम पडतंय का? म्हंजे तसं काय असंल तर..."

"छ्या, आमाला काय करायचं?" काका त्यांचं वाक्य मधेच तोडून म्हणाले. "आमच्याकडं समदं सपाट. बागायत."

"मग काय प्रश्नच मिटला. आमचं बी त्येच हाय," असं म्हणून मालकांनी चहाचा घोट घेतला.

हे मी माझ्या कानांनी ऐकलं. चार फुटांवरून. आणि मला काय वाटलं माहितीये? मला वाटलं, काका काय भारी सौदा करतात.

आता माझा पराक्रम. मालक पाणी आणायला आत गेले तशी मी पटकन ड्रायव्हर सीटवर चढले. गिअरच्या बाजूला एक छोटी दांडी असते, ती ओढली की पुढच्या चाकांना पण ताकद जाते, हे मला चाळीस व्हिडिओंनी सांगितलेलं. मी इंजिन चालू केलं, दांडी ओढली, आणि समोर हिरवी लाईट लागली. अशी सुंदर हिरवी. मी खाली उतरून मामांच्या कानात सांगितलं, "चालतंय, लाईट लागली." मामांनी काकांना डोळ्याने खुणावलं. काकांनी मिशीवरून हात फिरवला. मग सौदा झाला, भाव थोडा उतरला, आणि काकांनी गाडी ट्रायल म्हणून जामखेडच्या डांबरी रस्त्यावर सरळ नव्वदने पळवली. डोंगरावर चढवायची गाडी. नव्वदने. सरळ रस्त्यावर. मी मागं बसून केस सांभाळत व्हिडिओ काढत होते.

कागदपत्रं झाली आणि पुढच्या आठवड्यात गाडी आणली. चढाच्या पायथ्याशी, डांबरी संपते तिथं, पूजा. अर्धी वाडी खाली उतरलेली. आईने ओवाळलं, नारळ फुटला, चारी चाकांखाली चार लिंबं ठेवली. गाडीने चारही चाकांचा हिशेब धरला तो तेवढाच. दादा वर घरीच होते, गाडी दारात आली की बघतील म्हणून.

चढाच्या मध्यावर एक वळण आहे. तिथं नळाची पाईप फुटून महिना झाला होता, त्यामुळं भर मे महिन्यात तेवढ्या वीस-पंचवीस फुटांत आषाढ चालू होता. लालभडक चिखल. काका म्हणाले, बरंच झालं, परीक्षा होऊन जाईल. मामा चालवत होते. मी शेजारी. दांडी ओढली, हिरवी लाईट लागली, मी सगळ्यांना लाईट दाखवली, गाडी वळणात शिरली आणि थांबली. इंजिन ओरडतंय, मागची चाकं जागेवर फिरतायत, आणि मागं चालत येणाऱ्या पाहुण्यांच्या पांढऱ्या कपड्यांवर चिखलाचा सडा. मी मामांना उतरवून स्वतः बसले. दांडी आणखी खाली टाकली, त्यात गाडी हळू चालते पण जोर जास्त लावते. इंजिन अजून मोठ्याने ओरडलं. गाडी मागच्या मागं फूटभर घसरली.

अकरा जणांनी ढकललं. गुरुजींनी एक दगड चाकाखाली टाकला, तो चाकाने उडवून दुसरीकडं टाकला. काही झालं नाही. हिरवी लाईट मात्र शेवटपर्यंत चालू.

मग काका घाम पुसत म्हणाले, "आमी काय करनार, पोरगीनंच सांगितलं चालतंय म्हनून."

आणि अकरा माणसं माझ्याकडं बघायला लागली. हॉर्न वाजवणारे, बेरीज करणारे, गाडीखाली झोपून आलेले, सगळे. राग आला, पण राग करायला तोंड कुठं होतं? लाईट लागली असं मीच सांगितलं होतं. आकाशात तसं काही नव्हतं, पण मला एकदम जून दिसायला लागला. ती खोली, ती भिंत. किंवा खोली पण नाही.

तेवढ्यात वरून दादा आले. काठी टेकत, दर दहा पावलांना थांबत, मागून वाडीतली एक चुलती 'दादा थांबा, दादा पडाल' करत. बहुतेक इंजिनाचा आवाज वरपर्यंत गेला होता. ते वळणावरच्या दगडावर बसले, श्वास घेतला आणि एकच प्रश्न विचारला.

"पुढची चाकं फिरली का?"

कोणालाच माहीत नव्हतं. अकरा जण मागून ढकलत होते आणि आम्ही आतले लाईट बघत होतो.

मग दादांनी सगळ्यांना पुढं उभं केलं आणि मला परत रेस द्यायला लावली. मागची चाकं वेड्यासारखी फिरली. पुढची दोन्ही, सगळ्यांनी सांगितलं, देवळातल्या नंदीसारखी गप्प. दादा म्हणाले, खाली बघ. मी चिखलात आडवी झाले आणि टॉर्च लावला. गाडीच्या मध्यभागी एक लोखंडी डबा असतो, तिथून एक जाड दांडा मागच्या चाकांकडं जातो आणि दुसरा पुढच्या चाकांकडं. त्याला शाफ्ट म्हणतात. मागचा होता. पुढं काही नव्हतं. डब्याच्या तोंडाला खताच्या पिशवीचा तुकडा तारेने आवळून बांधलेला, की धूळ जायला नको. मोकळंढाकळं. मामा याच मोकळेपणाकडं पाच मिनिटं टॉर्च लावून बघत होते.

मी बाहेर आले आणि म्हटलं, "दादा, पुढचा शाफ्टच नाहीये."

दादा हसायला लागले. मशीन सुरू झाल्यापासून दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं, पोट धरून, डोळ्यात पाणी येईपर्यंत. मामांकडं बघून म्हणाले, "गंज लागनार कशाला, लोखंडच न्हाई तितं."

काका पेटले. फसवणूक, पोलीस, चला खर्ड्याला, दाखवतो त्याला. दादांनी ऐकून घेतलं आणि मग विचारलं, गाडी घेताना त्याला काय काम आहे ते सांगितलं होतं का. काका गुरुजींकडं बघायला लागले. गुरुजी चिखलाकडं बघायला लागले. दादा मला म्हणाले, फोन लाव.

मी स्पीकरवर लावला. मालक अगदी खुशीत, गाडी पोचली का, पूजा झाली का. मी शाफ्टचं विचारलं.

"शाफ्ट? हाय की. इकडं कुठं चिकूल हाय ओ, फुकट डिझेल खायचा आन् आवाज करायचा, म्हून काढून ठिवला. मी इचारलं बी हुतं तुमाला, फोर व्हीलचं काम हाय का म्हून. तुमी बोलले समदं सपाट."

स्पीकरवर. अकरा माणसांत. काकांनी खाली वाकून चपलेचा चिखल पुसायला घेतला.

शाफ्ट आहे कुठं, मी विचारलं. तर म्हणाले, शेळ्यांच्या पत्र्यावर, वाऱ्याने पत्रा उडतो म्हणून वजनाला. मी फोन चालू ठेवूनच फोटो उघडायला गेले आणि फोन कट झाला, पण फोटो उघडला. पांढरी शेळी, तिच्या डोक्यावर पत्रा, पत्र्यावर दगड, टायर, आणि त्या दोन्हींच्या मधे दोन्ही टोकांना जॉईंट असलेला जाड दांडा. तेव्हापासून माझ्या मोबाईलमध्ये होता. मी तो फोटो स्टेटसला पण ठेवला होता.

गाडी मागच्या मागं खाली डांबरीवर सोडली, आणि सगळे पांगल्यावर मी दादांना धरून वर चालले होते. मला राहवलं नाही. मी म्हटलं, तुम्हाला हे सगळं येत होतं तर आधी का नाही सांगितलं.

दादा दोन पावलं चालले, थांबले.

"इचारलंस कुठं?" ते म्हणाले. "मी बाजूला झोपलेलो, आन् तू कानात बोळे घालून मोबाईलला इचारत हुतीस."

 काका मूर्ख, मामा मूर्ख, गुरुजी तर बेरजेसकट मूर्ख, पण ते निदान दादांच्या उशाशी बसून मूर्खपणा करत नव्हते.

पुढच्या बुधवारी आम्ही परत खर्ड्याला गेलो. या वेळी दादा पुढच्या सीटवर, पाठीला उशी, मागं आई आणि डबे, गाडी मामांची, चालवत मी. काकांची नेमकी पाठ धरली होती. तिकडं दादा आणि ते मालक पाच मिनिटांत असे जमले की आम्ही बाकीचे सामानासारखे कोपऱ्यात. दादांनी पहिल्या वाक्यात सगळं सांगून टाकलं. आमची वाडी, चढ, चिखल, मशीन, खोली. जिचं आम्ही सहा तास तोंड दाबून धरलं होतं ती सगळी गरज माणसाने अंगणात बसून एका दमात मांडली. मालक ऐकता ऐकताच उठले. मग स्वतः शिडी लावून वर चढले, शाफ्ट काढला, त्याच्या जागी मोठा दगड ठेवला, आणि शाफ्टचे नटबोल्टपण जपून ठेवलेले, एका जुन्या डब्यात, ते आणून दिले. पैशाचं विचारलं तर हात जोडले, तुमच्याकडचा तांदूळ पाठवा म्हणाले. आणि काकांबद्दल एवढंच म्हणाले, ते बागायतदार कुठं गेले? आईला तेव्हापासून हसू आवरत नाही, काका घरात आले की ती विचारते, डाळिंबं काय म्हणतात.

अकोल्याच्या फिटरने जॉईंट धुतले, ग्रीस भरलं, शाफ्ट बसवला. परत तेच वळण, तोच चिखल. या वेळी हिरवी लाईट कोणी बघितली नाही. दादांनी तंबाखूच्या डबीतला चुना बोटावर घेतला, पुढच्या चाकावर एक पांढरा ठिपका लावला, मागच्यावर एक, आणि दगडावर जाऊन बसले. मला म्हणाले, चढव. मी हळू सोडली. मला आतून ठिपके दिसत नव्हते, मी फक्त दादांच्या तोंडाकडं बघत होते. त्यांची मान गोल फिरायला लागली, चाकासारखी, हळूहळू, आणि मग त्यांनी काठीने पुढं जा अशी खूण केली. गाडी चिखल चावत वर गेली. इतकंच. चाळीस व्हिडिओ आणि एक चुन्याचा ठिपका.

आता पाऊस चालू आहे, आमच्याकडं कसा असतो तुम्हाला माहीत असेल. मंगळवारी आणि शुक्रवारी मीच त्यांना खाली नेते आणि मीच वर आणते. खोली या वर्षी केली नाही. परतीच्या वाटेवर दादा अर्धे झोपेत असतात, पण वळण आलं की डोळे न उघडता सुरू होतात, रेटू नको, आधी दांडी टाक मग चिखलात शिर, क्लच सोड, अगं सोड. इतकं डोकं खातात की विचारू नका. परवा तर मधेच गाडी थांबवायला लावली, काच खाली केली, आणि भर पावसात शेजारच्या वावरातल्या बायांना ओरडले, रोपं लई खोल रोवताय म्हणून. दुसऱ्याचं वावर होतं ते.

आणि काका काल पंगतीत सांगत होते, खर्ड्याची गाडी घ्या, खाली गंज औषधाला नसतो. नंबर घेणारा तो माणूस कुठला आहे माहितीये? आमच्याच पलीकडच्या वाडीचा. त्याचा चढ आमच्यापेक्षा उभा आहे. मी उठून त्याला विचारलं, तुमच्या घरात कोणी पूर्वी जीप चालवायचं का हो. म्हणाला, हो, आमचे सासरे, आमच्याकडंच असतात, पण त्यांना आता कमी दिसतं, त्यांना कशाला त्रास.

मला खरं खरं सांगा, तुमच्याकडं झालंय का असं? ज्याला येत होतं तो घरातच खाटेवर पडलेला, आणि तुम्ही जिल्हाभर फिरून बाकी सगळ्यांना विचारत होतात?